ऑफिस सांभाळून हिमस्फटिक: या हिवाळ्यातली प्रगती

मिनियापोलिस, जानेवारी, कामाचा वार. बाहेर उणे 12 सेल्सियस, वारा जवळजवळ नाही, बर्फ सुटा आणि इतका हलका की फावड्यावरून पिठासारखा घसरतो. हिमस्फटिक कॅमेऱ्यात टिपायला याहून चांगला दिवस मिळत नाही, आणि त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन फटी पुरतात: सकाळी ड्राइव्हवे साफ करण्याआधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी वाणसामान आणल्यावर. इथे या दिवसांत उजाडायला पावणेआठ होतात आणि पाचच्या सुमारास अंधारतं, म्हणजे तीनपैकी दोन वेळा काळोखच. उजेड फ्लॅशचाच घ्यायचा असल्याने काही बिघडत नाही.

या हिवाळ्यात फोटो सुधारले ते लेन्समुळे नव्हे, कापडामुळे. तळहाताएवढा काळा लोकरी तुकडा घ्यावा, कुसं वर आलेला. स्फटिक कुसांच्या टोकांवर अडकून अधांतरी राहतो, खालच्या विणीला टेकत नाही. त्यामुळे उशिरा वितळतो आणि मागची वीण फोकसबाहेर जाऊन काळी पडते. सुती कापडावर तो सपाट चिकटतो आणि फोटोत धागेच उठून दिसतात. तुकडा रात्रीच पोर्चमध्ये झाकणाच्या डब्यात ठेवावा, सोबत स्फटिक हलवायला शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश. घरातून नेलेलं कापड लगेच वापरलं की आधी पाकळ्यांची टोकं गोल होतात, मग आतली नक्षी पुसट होते, मग थेंब. टोकं बोथट आली तर फोकसला दोष देण्याआधी कापड किती वेळ बाहेर होतं ते आठवावं. मीठ फेकलेल्या हातमोज्याने डब्याला हात लावू नये. एक कण पडला तरी त्याच्या आजूबाजूचे स्फटिक विरघळतात. तसंही उणे 9 च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, अशा दिवशी पायऱ्यांवर वाळू टाकलेली बरी.

आधी फोटो, मग फावडं. घरापुढचा फुटपाथ मोकळा करायला बर्फ थांबल्यापासून 24 तास मिळतात, तेव्हा पंधरा मिनिटांनी काही अडत नाही. उलट क्रम केला तर अंग तापलेलं असतं, धाप लागलेली असते आणि प्रत्येक श्वासाची वाफ लेन्सवर जाते.

स्वस्तात काम भागवणारी जुळणी अशी: अॅपर्चरची (लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करायची) रिंग असलेली जुनी 28 मिमी लेन्स, ती उलटी लावायची रिव्हर्सिंग रिंग, मध्ये 36 मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणाऱ्या पोकळ नळ्या. नुसती उलटी लेन्स साधारण दुप्पट वाढ देते, ट्यूबसह ती सव्वातीन-साडेतीन पट होते. एपीएस-सी सेन्सरवर (साधारण 24 मिमी रुंद) दृश्याची रुंदी जेमतेम 7 मिमी उरते, म्हणजे 3 मिमीची चांदणी, म्हणजे सहा पाकळ्यांचा स्फटिक, जवळजवळ अर्धी फ्रेम व्यापते. अॅपर्चर एफ/5.6 वरच ठेवावं. एवढ्या वाढीला ते प्रत्यक्षात एफ/25 च्या, म्हणजे खूपच लहान भोकाच्या, आसपास वागतं. आणखी बंद केलं तर फोकसची खोली वाढण्याचा फायदा मिळण्याऐवजी सगळं चित्र मऊ पडतं. शटर 1/200, आयएसओ 400, फ्लॅश हाताने 1/8 ताकदीवर आणि त्यापुढे उजेड पसरवणारा पांढरा डिफ्यूझर. लेन्स आणि स्फटिक यांच्यात पाचेक सेंटीमीटरच अंतर राहतं, म्हणून तोंडावर स्कार्फ बांधावा आणि श्वास बाजूला सोडावा.

फ्लॅशचा कोन हा खरा अभ्यासाचा भाग आहे. स्फटिकाचा सपाट पृष्ठभाग आरशासारखा वागतो: फ्लॅशचा उजेड त्यावरून परावर्तित होऊन थेट लेन्समध्ये आला की सगळी चांदणी पांढरी पेटते आणि कडांवरच्या रेघा मोजता येतात. कोन थोडा चुकला की तीच चांदणी राखाडी काचेसारखी निर्जीव दिसते. त्यासाठी कॅमेरा तिरका धरावा लागतो, आणि तिरका धरला की एका फ्रेममध्ये चांदणीचा एक पट्टाच फोकसमध्ये येतो. उपाय एकच: कोपर टेकवून, कॅमेरा किंचित पुढे सरकवत 30-40 फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर जोडायच्या. सहाही टोकं कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये स्पष्ट आली आहेत ना, हे तिथेच पडद्यावर तपासावं. एक टोक सुटलं तर जोडणी फुकट जाते, आणि स्फटिक दुसरी संधी देत नाही. उणे 12 ला थंड कापडावरसुद्धा दोन-तीन मिनिटांत कडा झिजायला लागतात.

दुपारच्या फेरीत बॅटरीकडे लक्ष द्यावं. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. फ्लॅशमध्ये अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात, लिथियमचे टिकतात.

सकाळी सुरेख चांदण्या आणि दुपारी नुसते साबुदाण्यासारखे दाणे, असं का होतं? आकार ठरतो तो ढगात, अंगणात नव्हे. उणे 12 ते उणे 18 च्या थरात भरपूर ओलावा असेल तर फांद्यांच्या चांदण्या वाढतात, उणे 15 ला सर्वांत सुंदर. उणे 5 च्या आसपास सुया आणि नळ्या, शेवयांच्या चुऱ्यासारख्या. वाटेत अतिशीत (शून्याखाली जाऊनही न गोठलेले) थेंब चिकटत गेले की दाणे. हे नातं जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी उलगडलं. 1936 मध्ये त्यांनी सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. त्याच्या अर्धशतक आधी, 1885 मध्ये, व्हरमॉन्टमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून स्फटिकाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले. तेही शेतीची कामं सांभाळून.

आपल्याकडे, मिनियापोलिसजवळच्या चॅनहॅसनच्या हवामान कार्यालयातून वरच्या हवेचं तापमान आणि ओलावा मोजायला दिवसातून दोनदा बलून सोडतात. त्याच्या आलेखात ढग उणे 15 च्या रेषेवर बसलेला दिसला तर डबा बाहेर ठेवावा. वारा ताशी 20 किलोमीटरच्या वर असेल तर झोपून घ्यावं, फांद्या वाटेतच मोडतात.

संध्याकाळची फेरी आटोपली की घाई नडते. थंडगार कॅमेरा तसाच घरात आणला तर स्वयंपाकाच्या वाफेने आतपर्यंत दव धरतं. मेमरी कार्ड बाहेरच काढून खिशात टाकावं, कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि मगच दार उघडावं. पिशवी दोन तास उघडायची नाही. तोवर कार्डावरचे फोटो बघून होतात, भातही होतो.

अजून सुयांचं जमलेलं नाही. त्या कुसांत उभ्या रुततात आणि एकच टोक कॅमेऱ्याकडे येतं. मार्चच्या ओलसर बर्फात काळ्या कापडाऐवजी गारठवलेली काच वापरून, खालून उजेड देऊन बघायचं आहे. तापमान शून्याच्या जवळ असेल तेव्हा काचेवर वेळ किती मिळतो, ते मोजून इथे लिहू.