ओळखीच्या ओळखीतला माणूस

गेल्या वर्षी जूनमध्ये माझी नोकरी गेली. नऊ वर्षं एकाच फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांचा माल जहाजाने-विमानाने पाठवून देणाऱ्या कंपनीत, एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन, म्हणजे एक्सपोर्टची कागदपत्रं करत होते, कंपनीने अंधेरीचं ऑफिस बंद केलं आणि आम्हा चौदा जणांना महिनाअखेरीस घरी बसवलं. डोंबिवलीहून घाटकोपर फास्ट लोकल आणि पुढे मेट्रो, हे इतकं अंगवळणी पडलेलं की पहिले कित्येक दिवस सकाळी साडेपाचला आपोआप जाग यायची आणि मग कळायचं की आज कुठेच जायचं नाहीये.

पहिला दीड महिना सगळे करतात तेच मीपण केलं. लिंक्डइनवर फोटोभोवती ते हिरवं 'ओपन टू वर्क' लावलं, नोकरी डॉट कॉमवर दिवसाला वीस-वीस ठिकाणी अप्लाय, आणि ज्या एचआरना मी जन्मात भेटले नाही त्यांना "सर, सीव्ही पाठवतेय, काही ओपनिंग असेल तर प्लीज कळवा" असे मेसेज. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा खूप वाईट वाटायचं, पण नंतर शांतपणे विचार केला की मला असा मेसेज आला असता तर मी तरी काय लिहिलं असतं? "काही असेल तर" याला उत्तर देता येतच नाही हो. समोरच्याला आधी माझा सीव्ही उघडून मला काय येतं ते शोधायला लागणार, मग स्वतःच्या कंपनीत कुठे जागा आहे ते आठवायला लागणार, एवढा वेळ कोणाकडे असतो.

माझे आजोबा संगमेश्वरहून मुंबईत आले ते लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर. एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणारी पंधरा-वीस माणसं, सगळी त्याच पंचक्रोशीतली, आणि कुठल्या गिरणीत कुठल्या खात्यात माणूस हवाय ही खबर रात्री जेवताना त्या खोलीतच यायची. आधी बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला तर त्या दिवसाचं काम. पण जॉबर, म्हणजे कामाला माणसं लावणारा मुकादम, हात कोणाला करणार, तर ज्याच्याबद्दल कोणीतरी त्याला सांगितलंय की हा पोरगा साच्यावर, म्हणजे मागावर, नीट काम करतो. हे आजोबांकडून मी शंभरदा ऐकलेलं, पण घरी बसले तेव्हा पहिल्यांदा त्यातली ती गोष्ट डोक्यात शिरली, की नुसती ओळख नाही, ओळखीच्या माणसाला तुमचं काम माहीत असायला लागतं. माझ्या लिंक्डइनवर सहाशे कनेक्शन होते आणि त्यातल्या पाच जणांनासुद्धा मी नक्की काय करते ते सांगता आलं नसतं. हेडलाईनमध्ये काय लिहिलेलं, तर 'हार्डवर्किंग प्रोफेशनल'.

मग मी हेडलाईन बदलली. एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन, सी (समुद्रमार्गे) आणि एअर, शिपिंग बिल, ड्रॉबॅक, आयजीएसटी रिफंड, अशी रोजच्या कामांची नावं सरळ. आणि एक पोस्ट लिहिली, आयुष्यातली पहिली. विषय होता एसबी ००५, म्हणजे इनव्हॉईसचा नंबर जुळला नाही की कस्टम्सच्या सिस्टीममध्ये येतो तो एरर. आमच्या लाईनमधल्यांना हा एरर बघितला की घाम फुटतो. एक्सपोर्टरचा आयजीएसटी रिफंड, म्हणजे एक्सपोर्टच्या मालावर भरलेला जीएसटी परत मिळायचा तो, अडकतो, का, तर शिपिंग बिलावर (एक्सपोर्टसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) कमर्शियल इनव्हॉईसचा नंबर टाकलेला असतो आणि जीएसटीआर-वन या जीएसटी रिटर्नच्या सहा-ए टेबलमध्ये टॅक्स इनव्हॉईसचा. माल एकच, दोन्ही कागद खरे, पण सिस्टीमला नंबर जुळलेला दिसत नाही. रिटर्नमध्ये चूक असेल तर त्याच रिटर्नच्या नऊ-ए टेबलमध्ये अमेंड करायचं, पण मुळात दोन वेगळे नंबरच ठेवायचे नाहीत, चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिल भरण्याआधीचा त्याचा मसुदा, अप्रूव्ह करताना दोन्ही कागद शेजारी धरून बघायचे, मी रोज कशी बघायचे ते एवढंच लिहिलं. मराठी-इंग्लिश मिक्स. शेवटी एक ओळ, की सध्या घरी आहे, हे काम शोधतेय, ठाणे ते अंधेरी कुठेही चालेल.

मित्रमैत्रिणींनी लाईक केलं, ऑल द बेस्ट म्हटलं. पण कामाची कॉमेंट आली ती न्हावा शेवा बंदराच्या एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्समधून माल पार करून देणाऱ्या एजंटकडे, काम करणाऱ्या माणसाची, ज्याच्याशी मी सहा वर्षांपूर्वी तीन-चारदा फोनवर बोलले असेन, चेहरा कधी पाहिलेला नाही. त्याने लिहिलं, मॅडमची चेकलिस्ट कधी परत पाठवायला लागली नाही, आणि मरोळच्या एका एक्सपोर्टरच्या मॅनेजरना टॅग केलं. तिथे मी आज काम करतेय.

हे असंच का होतं यावर अभ्यास झालेत हे मला नंतर कळलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा जवळच्यांकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आणि २०२२ मध्ये लिंक्डइनच्या जवळपास २ कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही नोकरी बदलायला सर्वात उपयोगी निघाले ते अगदी अनोळखी नाहीत आणि अगदी जवळचेही नाहीत असे लोक. माझा सीएचएवाला अगदी तिथेच बसतो. म्हणून सांगते, जुन्या ऑफिसमधले, व्हेंडर, क्लायंटकडचा ज्युनियर, ज्याच्याशी फक्त ईमेलवर बोलणं व्हायचं तो, या सगळ्यांना नोकरी असतानाच जोडून ठेवा आणि त्यांनी काही विचारलं तर वेळ काढून नीट उत्तर द्या.

एक मात्र सांभाळा. आमच्या त्या चौदा जणांपैकी एकाला टेलिग्रामवर ऑफर लेटर आलं, लोगो वगैरे सगळं व्यवस्थित, रजिस्ट्रेशनचे म्हणून दोन हजार मागितले, मग लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून अजून आठ. घरी बसलेल्या माणसाचे दहा हजार गेले, मला अजून राग येतो. नोकरी देणारा पैसे मागत नाही. कोणाचे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे मिळायची शक्यता कमी.

मागच्या आठवड्यात बदलापूरच्या एका मुलीचा मेसेज आला, "हाय मॅम, एनी व्हेकन्सी?" माझेच जुने मेसेज आठवले. मी तिला विचारलं की तुझ्या कामातली एक अशी गोष्ट सांग जी तुला झोपेतून उठवलं तरी येते. दोन दिवस काही आलं नाही, मला वाटलं रागावली. मग रात्री अकराला एवढा मोठा व्हॉईस मेसेज, की एसआय कटऑफला, म्हणजे शिपिंग लाईनला मालाचा तपशील द्यायच्या शेवटच्या वेळेला, चाळीस मिनिटं असताना फॅक्टरीने चुकीचं व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं वजन, पाठवलं, ते तिने कसं पकडलं, कोणाकोणाला फोन लावले, कंटेनर कसा रोलओव्हर होऊ दिला नाही, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला जाऊ दिला नाही. सीव्हीमध्ये यातला एक शब्द नव्हता. मी म्हटलं, हेच लिही, अगदी असंच. तिने लिहिलं, मी ते आमच्या मॅनेजरना पाठवलं. सोमवारी अकराला तिला बोलावलंय, मरोळ नाक्याला उतर, मी खाली घ्यायला येते असं सांगितलंय.