हिंगण्याच्या शेडमधला धूर बाहेर काढताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमची फॅब्रिकेशनची शेड आहे. 100 फूट लांब, 50 फूट रुंद, वर पत्रा. गेट, रॅक, जीआय पाइपच्या फ्रेम असं काम चालतं. मागच्या एप्रिलमध्ये आमचा सगळ्यात जुना वेल्डर लागोपाठ तीन सोमवार आजारी पडला. संध्याकाळी घरी पोचला की हुडहुडी भरून ताप, तोंडाला लोखंडासारखी चव, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत. मलेरियाची तपासणी झाली, काही निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? जीआय म्हणजे जस्ताचा थर चढवलेलं लोखंड. वेल्डिंगमध्ये तो थर जळतो, झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की असा ताप येतो. रविवारच्या सुट्टीत शरीराची सवय मोडते, म्हणून सोमवारी त्रास जास्त. शेडमध्ये सगळे गूळ खायला सांगत होते. डॉक्टर म्हणाले, गूळ खा, पण आधी धूर काढा.

मला फार लागलं ते. माणूस माझ्याकडे बारा वर्षं काम करतोय आणि त्याचा ताप माझ्या शेडमधून जातोय.

घाईघाईत एका पुरवठादाराला बोलावलं. त्याने मापं न घेताच चार 24 इंची एक्झॉस्ट फॅन सांगितले आणि पूर्वेच्या भिंतीवर, खिडक्यांच्या रांगेच्या अगदी वर बसवून दिले. फॅन जोरात फिरायचे, आवाज भरपूर, पण मधल्या टेबलावरचा धूर जागचा हलत नव्हता. मे उजाडला. बाहेर 44 असताना आत 48. पुरवठादार म्हणाला, अजून चार लावा.

त्याऐवजी मी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीला आणलं. त्याने खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला. एक पेटवून खिडकीपाशी धरली, तर धुराची रेघ आत न वळता सरळ वरच्या फॅनमध्ये गेली. मग तीच अगरबत्ती मधल्या टेबलावर ठेवली. धूर हातभर सरळ वर चढला, पसरला आणि तिथेच लोंबकळत राहिला. फॅन शेजारच्या खिडकीतलीच हवा ओढून परत बाहेर फेकत होते. शेडला त्याचा काही उपयोगच नव्हता.

"भाऊ, घरी कूलरसमोरची खिडकी बंद करून झोपता का जी?" त्याने विचारलं.

हवा एका बाजूने आत येऊन समोरून बाहेर गेली तरच खेळते. नागपूरच्या माणसाला याहून जास्त समजवायची गरज नाही.

मग वहीत हिशोब मांडला. पत्र्याची सरासरी उंची 22 फूट, म्हणजे शेडमध्ये 1,10,000 घनफूट हवा. तासाला वीस वेळा ती बदलायची, म्हणजे मिनिटाला साधारण 36,700 घनफूट. आमच्या फॅनच्या लेबलवर 6,000 सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलं होतं, म्हणजे सहा फॅन. आठ नाही. तेवढीच हवा आत यायलाही वाट हवी. जाळीतून ती मिनिटाला 400 फूट वेगाने आली तर 92 चौरस फूट मोकळी जागा लागते. आमच्याकडे योग्य ठिकाणी एक फूटही नव्हती.

पूर्वेच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या. पश्चिमेकडून दुपारी लू येते, म्हणून ती भिंत सोडली. उत्तरेला कडुनिंबाची सावली आहे. तिथे जमिनीपासून दोन फुटांवर लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या, बसवले. गरम हवा वर जाते, म्हणून आत येणारी खालून आणि बाहेर जाणारी वरून. दोन फॅन वाढवले. पत्र्याच्या कण्यावर टर्बो व्हेंटिलेटर लावले. ते वाऱ्यावर आणि आतल्या उष्णतेवर फिरतात, वीज लागत नाही. रात्री फॅन बंद असताना शेडमध्ये कोंडलेली उष्णता त्यांतून निघून जाते. हे सगळं व्हायला पंधरा दिवस गेले आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, अख्खा त्यातच निघाला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दोन टर्बोंच्या बुडातून पाणी गळलं. स्क्रूखाली रबर वॉशरच नव्हते. बसवणाऱ्याला पत्र्यावर चढवून सगळे स्क्रू काढून घेतले, खालच्या फ्लॅशिंगला (सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला) सिलिकॉन भरलं. टर्बो बसवून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी नळीने पाणी मारून बघावं.

आता दुपारी आत-बाहेर एक-दीड अंशाचा फरक असतो. बाहेर 44 असेल तर एक्झॉस्टने आत 40 होणार नाही, ही अपेक्षा कुणी ठेवू नये. त्यासाठी यंदा मार्चमध्ये लूव्हरला बाहेरून मोठे डेझर्ट कूलर जोडतोय. आपल्याकडची हवा कोरडी, शिवाय बाहेर जायची वाट आता तयार आहे.

जस्ताच्या धुरासाठी मात्र फॅन पुरले नाहीत. तो वर पोचायच्या आधी वेल्डरच्या नाकासमोरून जातो. म्हणून मधल्या टेबलाला धूर ओढणारा वेगळा हूड केला, फ्लेक्झिबल डक्ट लावून, ठिणगीपासून वीतभर अंतरावर आणता येईल असा. पहिल्या दिवशी वेल्डरने स्वतःच अगरबत्ती पेटवून टेबलावर धरली. रेघ वाकली आणि हूडमध्ये शिरली. त्याने अगरबत्ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेली, तिथे ती पुन्हा सरळ झाली. "भाऊ, इथवर नाही ओढत," म्हणाला आणि खडूने टेबलावर रेघ मारली. जीआयचं काम त्या रेघेच्या अलीकडेच होतं.