बुकमार्क पुसले गेले नव्हते

दुरुस्तीहून परत आलेल्या लॅपटॉपवर फायरफॉक्स हा ब्राउझर उघडला, तेव्हा बुकमार्कची पट्टी पूर्ण रिकामी होती. जुन्या मराठी नियतकालिकांच्या अंकांचे दुवे मी अनेक वर्षे एकेक करून त्यात जमवले होते, आणि त्यांतले कित्येक नुसते शोधून पुन्हा सापडणारे नव्हते. सुदैवाने घाईत काही करण्याआधी मी थांबलो.

बुकमार्क दिसत नाहीत म्हणजे ते पुसले गेले, असे नसते. फायरफॉक्स ते प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये ‘प्लेसेस’ या फाइलीत ठेवतो, आणि २०१९ मध्ये आलेल्या ६७व्या आवृत्तीपासून वेगळ्या जागी इन्स्टॉल केलेल्या प्रत्येक फायरफॉक्सला स्वतःचे प्रोफाइल मिळते. माझ्या लॅपटॉपवर फायरफॉक्स नव्याने, दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवला गेला होता. त्यामुळे तो कोऱ्या प्रोफाइलने उघडत होता आणि जुने प्रोफाइल डिस्कवर जसेच्या तसे पडून होते. पत्त्याच्या चौकटीत ‘अबाउट’, अपूर्णविराम आणि ‘प्रोफाइल्स’ असे इंग्रजीत टाइप केल्यावर सगळ्या प्रोफाइलांची यादी दिसते. त्यातले जुने प्रोफाइल नव्या खिडकीत उघडताच सगळे दुवे समोर आले, आणि यापुढे फायरफॉक्सने नेहमी तेच प्रोफाइल उघडावे असे मी ठरवून टाकले.

जुन्या प्रोफाइलमध्येही बुकमार्क नसते, तर मी राखीव प्रतींकडे वळलो असतो. फायरफॉक्स त्या आपोआप बनवतो आणि सर्वसाधारणपणे शेवटच्या १५ जपून ठेवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या खिडकीत आयात व बॅकअपच्या मेनूखाली त्या तारखांनुसार दिसतात आणि प्रत्येकीत किती नोंदी आहेत तेही कळते, म्हणून आकडा एकदम घसरण्याच्या आधीची प्रत निवडावी. मात्र जुनी प्रत परत आणली की सध्याचे सर्व बुकमार्क पुसले जाऊन त्यांच्या जागी तिच्यातले येतात. म्हणून आधी आजच्या यादीची प्रत वेगळी काढून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

फायरफॉक्सच्या ‘सिंक’ या सोयीवर भिस्त ठेवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. सिंक सर्व उपकरणे एकसारखी ठेवतो, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेला दुवा बाकी ठिकाणांहूनही जातो. मी आता दर महिन्याला बुकमार्कची एचटीएमएल फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवतो. ती क्रोममध्येही आयात करता येते.