तुम्ही विचारलंत म्हणून: नुसते गॅसच झाले होते ना?

"नुसते गॅसच झाले होते ना? मग एका कुत्र्यासाठी रात्रीचा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलंत?" मे महिन्यापासून हा प्रश्न दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. एकदाच काय ते सांगते: नुसते गॅस नव्हते, त्याच्या जठराला पीळ पडला होता.

भैरू आमचा जर्मन शेफर्ड, ७ वर्षांचा. पावसजवळ आमची कलमांची बाग आहे, तिथली वानरं हाकलायला आणलेला. त्या दिवशी आंबा काढायच्या गडबडीत त्याचं सकाळचं खाणं राहिलं आणि संध्याकाळी पातेलंभर भात-बांगडा त्याने दोन मिनिटांत फस्त केला. तासाभराने पडवीतून उमासे ऐकू आले. एकामागून एक, आतडी पिळवटून काढलेले, पण बाहेर काहीच नाही. चिकट पांढरा फेस तेवढा. अन्न ओकला असता तर मीही जाऊन झोपले असते. पण हे उमासे कोरडे होते, आणि मोठ्या कुत्र्याचे कोरडे उमासे ऐकले की झोपायचं नसतं. बसला की उठे, वळून पोटाकडे बघे, लाळेच्या तारा लोंबत होत्या. पोट मात्र फारसं फुगलेलं दिसेना. इथेच माणूस फसतो. खोल छातीच्या कुत्र्याचं जठर बरगड्यांच्या आड असतं, त्याचा नगारा दिसायला वेळ लागतो. शेवटच्या बरगडीमागे टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. ओठ वर करून पाहिलं, तर हिरडी पांढुरकी. बोटाने दाबून सोडली, रंग लवकर परतेना.

शेजारच्या काकू हिंगाची डबी घेऊनच आल्या. "बेंबीला लाव गो, तान्ह्याला लावतात तसं." त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. पण अशा वेळी वायूने फुगलेलं जठर बहुतेकदा स्वतःभोवती फिरलेलं असतं. पिशवीला पीळ घालावा तशी वरची अन्ननलिका आणि खालची आतड्याची वाट, दोन्ही बंद. मग हिंग काय, सोडा काय, ताक काय, तोंडाने दिलेलं कुठे जाणार? तो फुगा पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, कुत्रं शॉकमध्ये जातं. जठराची भिंत मरायला लागते. काही तासांत खेळ संपतो.

गावाकडच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, "पोट उघडायची सोय माझ्याकडे नाही. हवा काढून सलाइन लावतो, कोल्हापूरला कळवून ठेवतो. तुम्ही निघा." त्यांच्या अंगणात, पुतण्याने धरलेल्या टॉर्चच्या उजेडात, त्यांनी बरगडीमागचे केस भादरून जाड सुई आत घातली. सायकलची ट्यूब सोडावी तशी हवा फुसफुसत आली, आंबूस वासाची. तेव्हा कुठे भैरूने मान खाली टेकली. पण ही फक्त वाटेपुरती उसंत, पीळ आत तसाच असतो.

मग पाली, साखरपा, घाट, मलकापूर. सलाइनची बाटली गाडीच्या हँडलला ओढणीने बांधलेली, पुढे आंब्याचे ट्रक रांगत चाललेले. पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. एक्स-रे झाला, लगेच टेबलावर घेतलं. पीळ सोडवला आणि जठर पोटाच्या उजव्या भिंतीला टाके घालून शिवून टाकलं. ते शिवलं नाही तर पुन्हा पीळ पडायचा धोका फार. पुढचे ३ दिवस ठेवून घेतलं, कारण या काळात हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

खर्च किती, हा दुसरा प्रश्न. सासूबाईंनासुद्धा निम्माच सांगितलाय.

घरी ग्रेट डेन, डॉबरमन, सेंट बर्नार्ड, शेफर्ड असला, तर रात्री ऑपरेशन कोण करतं ते आजच विचारून नंबर भिंतीवर लिहा. नसबंदीच्या वेळीच जठर शिवून घेता येतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भांडं स्टुलावर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. मी ते स्टूल काढलं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांमध्ये धोका वाढलेला दिसला होता. आता भैरूला तीन वेळा थोडं थोडं देते, आणि भांड्यात खाडीवरचा एक गोटा ठेवते, गिळता येणार नाही एवढा मोठा. त्याच्या कडेकडेने भात वेचून खायला त्याला चांगला पाव तास लागतो. भात संपला की गोटा चाटत बसतो.