हो, माझ्या खिशात चाकू असतो

मी रोज खिशात घडीचा चाकू ठेवते. ऑफिसला, बाहेर, प्रवासात, जिथे नियमाने चालतो तिथे सगळीकडे. आणि तो बाहेर काढला की कुणी ना कुणी बोलतंच, "अगं हे काय घेऊन फिरतेस?" किंवा "बाईमाणसाला कशाला हवा चाकू?" किंवा नुसतंच एक विचित्र बघणं. इतकी वर्षं हे ऐकतेय, त्यामुळे एकदा सगळं नीट लिहावं म्हटलं.

आधी चाकू कुठला ते सांगते. छोटा, लाल, स्विस. पातं माझ्या करंगळीपेक्षा फार मोठं नाही, नखाने खाच ओढून दोन हातांनी उघडावं लागतं, खटका नाही, बटण नाही. पार्सलची टेप, केबल टाय, कपड्याचा लोंबणारा धागा, ते कडक प्लास्टिकचं पॅकिंग ज्याच्यावर लोक दात आणि किल्ल्या चालवतात, चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू (चाकूलाच जोडलेल्या, बाटलीचं बूच काढायच्या कॉर्कस्क्रूच्या वळशात एक इवलासा स्क्रूड्रायव्हर बसतो, जगातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे ती), ही माझ्या चाकूची रोजची कामं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, जे लोक तोंड वाकडं करतात तेच पार्सल आलं की माझ्या टेबलापाशी येतात. मी देते. मला त्यात काही सुनावायचं नसतं, वस्तू कामाला आली याचाच आनंद असतो.

मला न पटणारी गोष्ट वेगळी आहे. ऑफिसच्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये पेपर कटर पडलेला असतो, त्याचं पातं माझ्या चाकूपेक्षा पातळ नि जास्त धारदार, अंगठ्याने सरकवलं की एका हाताने बाहेर, आणि घाईत अर्धवट उघडा तसाच ड्रॉवरमध्ये टाकलेला. त्याची कुणाला भीती वाटत नाही कारण तो स्टेशनरी. कात्रीचं पण तेच. म्हणजे भीती धारेची नाहीये, चाकू म्हटल्यावर डोळ्यासमोर जे येतं त्याची आहे, बातम्यांतले हल्ले, सिनेमातली मारामारी. ती भीती मी खोटी म्हणणार नाही. एखाद्यावर खरंच तसा प्रसंग आलेला असू शकतो, आपल्याला काय माहीत.

आता स्वसंरक्षण. मी बाई आहे म्हणून बहुतेकांनी हे धरूनच टाकलेलं असतं आणि काहीजण तर कौतुकाने म्हणतात, बरं केलंस हो, दिवस वाईट आहेत. मला हे कौतुक टीकेपेक्षा जास्त खटकतं. एक तर हा चाकू त्या कामाचा नाहीच, पातं फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं, त्याने कुठे भोसकायला गेलं तर ते उलटं मिटून आपल्याच बोटांवर येईल. दुसरं म्हणजे हत्यार म्हणून बाळगणं आणि अवजार म्हणून बाळगणं यात कायदासुद्धा फरक करतो. ब्रिटनमध्ये 3 इंचापर्यंत पात्याचा, लॉक न होणारा घडीचा चाकू सार्वजनिक जागी कारण न देता बाळगता येतो, पण तोच चाकू कुणाला इजा करायच्या हेतूने ठेवला असेल तर तो गुन्हा. जपानमध्ये साधारणपणे 6 सेंटीमीटरच्या वर पातं असेल तर योग्य कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही, त्याहून लहानही उगाच लपवून फिरलात तर अडचण होऊ शकते. म्हणून कुठेही जायच्या आधी मी तिथला नियम वाचते. विमानात तो चेक-इन बॅगेतच जातो, जिथे आत जाताना तपासणी असते तिथे तो घरीच राहतो, यावर मी वाद घालत नाही.

"पण हा तर आर्मीचा चाकू" असंही ऐकवतात. हो, आर्मीचाच. पण स्विस सैन्याने 1891 मध्ये सैनिकांना तो दिला तो कशासाठी, तर जेवणाचे डबे उघडायला आणि रायफल खोलून साफ करायला. पातं, टोच्या, डबा उघडायचं अवजार, स्क्रूड्रायव्हर, बस. हे चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सेनर यांनी 1897 मध्ये त्याची हलकी आवृत्ती काढली, तिच्यात कॉर्कस्क्रू आला, ज्याच्यात आज माझा चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर बसतो. लढाईसाठी त्यांच्याकडे बंदुका होत्या की. आणि 1995 मध्ये अटलांटिस यान मीर अंतराळस्थानकाला जोडलं तेव्हा मधला दरवाजा पट्ट्यांनी इतका घट्ट बांधलेला निघाला की कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यांनी खिशातल्या स्विस चाकूनेच तो मोकळा केला. अंतराळात चालतो, मग आमच्या तिसऱ्या मजल्यावर का नाही?

बाकी, समोरच्याला दचकवायचं नाही ही जबाबदारी माझी, हे मी मनापासून मानते. नवीन माणूस शेजारी असेल तर आधी बोलते, "थांबा, माझ्याकडे चाकू आहे, टेप कापते," आणि मगच काढते. बोलता बोलता चाळा म्हणून कधीच उघडझाप करत नाही. कुणाला द्यायचा तर मिटून देते. काम झालं की लगेच पुसून खिशात. लहान मुलं असतील तर वेगळं काही करत नाही, फक्त बसून कापते, उभ्याने नाही. आणि धार कायम चांगली ठेवते, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो निसटतो, जखम व्हायची भीती तिथेच. साधारण 15 ते 20 अंशाच्या कोनात दगडावर थोडा वेळ, एवढंच काम असतं.

आमच्या टीममध्ये एक ताई आहेत, त्यांना अजूनही आवडत नाही. त्यांनी सरळ सांगितलं, मला बघून धस्स होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर मी चाकू काढत नाही, पार्सल उचलून दुसऱ्या टेबलावर नेते, पण खिशातून काढून घरी ठेवत नाही. त्यांनीही तसा आग्रह धरला नाही, आमचं ठीक चाललंय.

2024 मध्ये वाचलं की स्विस चाकू बनवणारी कंपनी व्हिक्टोरिनॉक्स आता पातं नसलेलं मल्टीटूलही बनवायच्या विचारात आहे, कारण ठिकठिकाणी नियम कडक होतायत. जरा वाईट वाटलं, पण आलं तर मी ते घेईन, जिथे पात्याला बंदी आहे तिथे स्क्रूड्रायव्हर आणि कात्री तरी सोबत येईल. पात्याचा मात्र बाकी दिवशी खिशातच असणार.