वाशिष्ठीतल्या मगरी: आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

फोनवर मी बोटवाल्याला सरळ विचारलं होतं, "मगरी कधी दिसतात?" उत्तर आलं, "कधीही या, हमखास दिसतील." त्या 'कधीही'वर भरवसा ठेवून आम्ही चौघं जानेवारीत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी साडेबाराला चिपळूणजवळ वाशिष्ठी नदीच्या खाडीतल्या एका धक्क्यावरून निघालो. दीड तासात पाहिलं काय, तर पाणी. काठोकाठ भरलेली खाडी, अर्धी बुडालेली तिवरांची झाडं, दोन ब्राह्मणी घारी आणि एक ओंडका, ज्याचे माझ्या भाच्याने चाळीस फोटो काढले.

दोष मगरींचा नाही. पाणी चढलं की त्यांना पहुडायला जागाच राहत नाही. थंडीत रात्रभर गारठलेली मगर ऊन खायला वर येते, आणि त्यासाठी तिला उघडा पडलेला चिखलाचा पट्टा लागतो. तो उघडा पडतो ओहोटीला. म्हणजे हवी सकाळची ओहोटी. बोट चालवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तो सांगत नाही, कारण दुपारची फेरी रिकामी जायला नको.

हिशेब आपला आपण करा. कोकणातली जुनी माणसं करतात तोच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, म्हणजे आम्ही नेमके उधाणाच्या डोक्यावर बसून गेलो होतो. हा हिशेब समुद्राच्या तोंडाचा, म्हणजे दाभोळकडचा. आत चिपळूणकडे पाणी उशिरा पोचतं, आम्हाला तास-दीड तासाचा फरक जाणवला. थोडक्यात, पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. त्या दिवसांत ओहोटी आणि कोवळं ऊन एकत्र येतात. शनिवार-रविवार बघून बुकिंग करणाऱ्यांना मगर नशिबानेच दिसेल.

पैशांचं आता सांगतो, कारण ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. फोनवर दर 'माणशी' सांगितला होता. धक्क्यावर गेल्यावर कळलं की आठ जणांची बोट भरली नाही तर आठांचे पैसे द्यायचे. चार माणसं, आठांचे पैसे, शून्य मगरी. वाद घातला तर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, "सायेब, मगर काय आपल्या हुकमावर येते काय?" खरं आहे, पण दर तर त्याच्या हुकमावर होता ना! फोनवरच विचारा: दर बोटीचा की माणशी, आणि प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं. 'नाही दिसली तर बघू' हे उत्तर 'पैसे परत नाहीत' असंच समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळ्या माणसाबरोबर पुन्हा गेलो. इथे नवीनच प्रकार. मगरींसाठी योग्य वेळ ती धक्क्यासाठी सगळ्यात वाईट वेळ. पायऱ्या संपतात तिथे पाणी नाही, पुढे वीस-पंचवीस पावलं नुसता रेंदा, आणि बोट त्याच्या पलीकडे. पाय गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल आत राहिली, फुटक्या शिंपल्याने टाच कापली. हे सगळं ज्या खाडीत मगरी बघायला आलो तिच्याच काठावर. ती पंचवीस पावलं मला अजून आठवतात, आणि मी ट्रेकला बऱ्यापैकी जाणारा माणूस आहे. ओहोटीलाही बोट पायऱ्यांना लागते का, हे विचारल्याशिवाय निघू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि उत्तर 'थोडासा चिखल आहे' असं आलं, तर नाहीच. पट्ट्याचे सँडल घाला, साधी चप्पल घरी ठेवा.

आणि मग, नऊच्या सुमारास, सात मगरी. सात! पहिली आठ-नऊ फुटांची, जबडा वासून पडलेली. तो राग नव्हे, अंग तापलं की ती असंच तोंड उघडून थंड होते. या तांडेलाने इंजिन लांबच बंद केलं आणि बोट तिरकी वाहू दिली. सरळ अंगावर नेली की मगर सपकन पाण्यात जाते. घाई करणारा असेल तर त्याला आधीच बजावा. चिखलात निवटी मासे उड्या मारत होते, तुतवार पक्षी शेपटी हलवत फिरत होते, पण खरं सांगतो, मी मगरींवरून नजर काढलीच नाही. इथे काहीजण तिला सुसर म्हणतात. लांब चोचीसारख्या थुतरीची सुसर ती वेगळी, तिच्यासाठी चंबळला जावं लागेल. कोणी कोंबडीचं मटण टाकून मगर जवळ आणतो म्हणाला तर उतरून जा. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, आणि बोटीला अन्न समजायची सवय तिला लागली तर उद्या तिथल्या मच्छीमारांचं काय?

परशुरामाचं देऊळ, गोवळकोटचा किल्ला वगैरे नंतर झालं, छान झालं.

दुर्बीण न्या, मोबाइलच्या झूमवर मगरीचा ओंडकाच होतो. आणि तारखा ठरवताना कॅलेंडरवरचे लाल आकडे सोडून त्याखालची बारीक तिथी वाचा.