कोरं ठेवलेलं पान

गेल्या महिन्यात आईला डोळे दाखवायला घेऊन गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगलाच पिकलेला. डॉक्टरांनी जरा थांबून मला विचारलं, "इतकी वर्षं काही केलं कसं नाही?" आईने माझ्याकडे पाहिलं. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं, पण ते त्या खोलीत देता येण्यासारखं नव्हतं. आई आता 81 वर्षांची आहे. ती म्हातारी होणारच नव्हती. तिला तसं सांगण्यात आलं होतं.

आई-बाबा लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत जायला लागले. जेमतेम पंचवीस-तीस कुटुंबं. मंडळीचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं आता हयात नाहीत आणि जी आहेत त्यांनी मला जीव लावलाय. तिथे बाकी सगळ्याहून एक गोष्ट मोठी होती: प्रभू येशू आपल्याला न्यायला पुन्हा येतोय, आणि आपल्या हयातीत येतोय. 'हयातीत' हा शब्द मला शाळेत जायच्या आधीपासून येत होता. दुसऱ्या पोरांना मोठेपणी कोण होणार ते विचारत. आम्हाला कुणी विचारत नसे.

1988 सालचं गणित असं होतं. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, 24व्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला असं समजा. आणि पुढे, हे सगळं घडेपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. आता अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल. इस्राएल राष्ट्र उभं राहिलं 1948 साली. पिढी म्हणजे 40 वर्षं. बेरीज कुणालाही करता येईल. अमेरिकेत कुणीतरी ती आणखी बारीक करून यहुदी नववर्षाच्या सणावर, म्हणजे 11 ते 13 सप्टेंबरवर आणली होती आणि त्याच्या पुस्तिकेच्या लाखो प्रती निघाल्या होत्या. आमच्यापर्यंत ती टाइप केलेल्या, पुसट कार्बन कॉपीच्या चार पानांतून आली.

मी बारावीत होते. परीक्षेचा फॉर्म आणून ठेवला होता. बाबा रागावले वगैरे नाहीत. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, मार्चमध्ये आपण इथे असणार आहोत का?" मला कुणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम लिहिते. माझाही विश्वास होता. फॉर्म दप्तरात तसाच राहिला.

13 तारखेच्या रात्री आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. अंगावर स्वच्छ धुतलेले कपडे. धाकटा भाऊ पायात बूट घालूनच झोपून गेला. आईने घरातलं प्रत्येक भांडं घासून पालथं घातलं होतं, कुणासाठी ते आजही मला कळत नाही. बाबा रोज रात्री भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत, त्या रात्री त्यांनी दिली नाही. पहाटे कधीतरी ते बंद पडलं. टिकटिक थांबल्याचं आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्यांनी एकदम मान वर केली. आईने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ उठला. मग काहीच झालं नाही. हळूहळू उजाडलं. बाबा उठले, शेजारी जाऊन किती वाजले ते विचारून आले, काटे फिरवून घड्याळ लावलं आणि चावी दिली. पुढे कित्येक दिवस त्या सकाळीबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

मोठी झाल्यावर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. मला आमच्यासारखी माणसं शोधायची होती, आणि ती सापडली. विल्यम मिलर नावाचा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले, 8व्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं धरून, इसवी सनपूर्व 457 पासून मोजत तो 1843 पर्यंत आला होता. मार्च 1844 उलटला तेव्हा त्याने आपली चूक झाली असं उघड कबूल केलं. पण दिवस अगदी दाराशी आलाय, हेही त्याच दमात सांगितलं. मग त्याच्या अनुयायांपैकी एकाने नवी तारीख काढली, 22 ऑक्टोबर 1844. हजारो माणसं त्या दिवसाची वाट पाहत बसली. कुणी पीक शेतात तसंच सोडलं, कुणी दुकानं बंद केली. त्यातल्या हायरम एडसनने पुढे लिहून ठेवलंय की ते सगळे उजाडेपर्यंत रडत राहिले. ते वाचलं तेव्हा आमचं बंद पडलेलं घड्याळ डोळ्यांसमोर आलं.

त्यानंतर काय झालं, हे माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. त्यांच्यातल्या काहींनी असा अर्थ लावला की तारीख बरोबर होती, फक्त घटना पृथ्वीवर न घडता स्वर्गात घडली. त्याच मंडळींतून 1863 साली सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. 1914 सालाबद्दल 'यहोवाचे साक्षीदार' या दुसऱ्या एका पंथाचं सांगणंही याच वळणाचं आहे: ख्रिस्ताचं राज्य सुरू झालं, पण अदृश्यपणे. 1914 पाहिलेली पिढी सरायच्या आत अंत होईल असं ते अनेक वर्षं शिकवत आले. 1995 मध्ये त्यांनी 'पिढी'चा अर्थ बदलला, आणि 2010 मध्ये पुन्हा एकदा.

हे वाचताना मला आईचं बायबल आठवतं. तिने दानीएलाच्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने आकडे मांडले होते. एक हिशेब चुकला की खोडरबराने पुसायचा आणि वर दुसरा लिहायचा. 1988, मग 1989 (कारण इसवी सनात शून्य वर्ष नाही, एक वर्ष मोजायचं राहिलं, असं सांगण्यात आलं), मग 1994, मग 2000. पुसून पुसून तो समास इतका झिरझिरीत झालाय की पान उजेडाकडे धरलं तर पाठच्या ओळी दिसतात. एका ठिकाणी भोक पडलंय. तिथे तिने मागून पातळ कागद चिकटवला आणि त्यावर पुन्हा आकडा लिहिला.

लोक मला विचारतात, पहिली तारीख चुकली तेव्हाच तुमचे डोळे उघडले कसे नाहीत? यावर मानसशास्त्रात एक प्रसिद्ध उत्तर आहे. 21 डिसेंबर 1954 ला महापूर येणार आणि उडत्या तबकड्या आपल्याला न्यायला येणार असं मानणारा शिकागोजवळचा एक छोटा गट होता. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गुपचूप शिरून अभ्यास केला. भाकीत फसल्यावर माणसं उलट जास्त जोमाने प्रचार करू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष. पण त्या इवल्याशा गटात निरीक्षक म्हणून घुसलेली माणसंच बरीच होती. त्यांच्या असण्याने काहीच फरक पडला नसेल, हे मला पटत नाही. आणि तो अभ्यास थोड्या महिन्यांचा आहे. मला चाळीस-पन्नास वर्षांचं विचारायचंय.

आमच्या घरात जोमबिम काही आला नव्हता. शरम होती, आणि एकमेकांना सांभाळून घेणं होतं. ज्यांच्याबरोबर ती रात्र काढली, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी ते बोलणार कुठे? बाबांनी कायमची नोकरी 1986 मध्येच सोडली होती. नातेवाइकांशी बोलणं तुटलं होतं. मंडळी सोडायची तर हे सगळं फुकट गेलं असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. 45 वर्षांच्या, तीन पोरं पदरात असलेल्या माणसाने ते कुणाच्या जोरावर म्हणायचं?

म्हणून मला त्या एका रात्रीपेक्षा नंतरच्या दिवसांबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. रात्र संपते. खरी झीज होते ती 'आता कशाला'ने. दात किडलाय, आता कशाला. स्वतःचं घर, आता कशाला. आईला शिवणकामाचा वर्ग काढायचा होता, तिचा हात फार सुबक होता, पण दोन वर्षांसाठी कशाला. ती दोन वर्षं कायम दोनच राहिली. मी बारावीची परीक्षा दिली ती 27व्या वर्षी, स्वतःच्या मुलीला मांडीवर घेऊन अभ्यास करून.

मत्तयाच्या त्याच अध्यायात, त्या दिवसांत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांचे काय हाल होतील ते लिहिलंय. ते वाचून मंडळीतल्या दोन जोडप्यांनी मूलच होऊ दिलं नाही. त्यातल्या एक काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. माझी मुलगी लहान असताना त्या तिचे केस विंचरून द्यायच्या. वेणी घालून व्हायची, मग त्या ती सोडायच्या, पुन्हा विंचरायच्या, पुन्हा घालायच्या. मुलगी कंटाळली तरी मी तिला उठवत नसे.

ज्याचा मला आजही राग येतो ते वेगळंच आहे. त्या सप्टेंबरनंतरच्या रविवारी आमच्या पाळकांनी सांगितलं की प्रभूने उशीर केला, कारण आपण तयार नव्हतो. पुढे कधीतरी, "मी तारीख अशी दिलीच नव्हती, तुम्ही तसं ऐकलंत." आई हे घेऊन घरी आली आणि तिने ते खरं मानलं. कितीतरी वर्षं ती स्वतःची पापं शोधत होती, ज्यांच्यामुळे अख्ख्या जगाची सुटका अडली असेल. मला एकदा म्हणाली, "त्या रात्री माझ्या मनात भांड्यांचा विचार होता गं." म्हणजे तिला वाटत होतं की त्या भांड्यांमुळे.

हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत खोसा लोकांनी 1856-57 मध्ये एका किशोरवयीन मुलीच्या भाकितावर विसंबून आपली गुरं मारली, सुमारे चार लाख. पूर्वज उठतील, नवी गुरं येतील, असं ते भाकीत होतं. काही आलं नाही आणि सुमारे 40,000 माणसं उपासमारीने मेली. तिथे दोष दिला गेला तो ज्यांनी गुरं मारली नाहीत त्यांना. यहोवाच्या साक्षीदारांपैकी अनेकांनी 1975 मध्ये अंत येईल अशी आशा धरली होती; ते साल उलटल्यावर, 1976 मध्ये, त्यांच्या टेहळणी बुरूज मासिकाने निराश झालेल्यांना स्वतःचा दृष्टिकोन सुधारायला सांगितलं होतं. संघटनेकडून खेदाचा सूर यायला 1980 उजाडावं लागलं. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ प्रचारकाने 21 मे 2011 ही तारीख दिली, ती गेल्यावर 21 ऑक्टोबर. पण मार्च 2012 मध्ये त्याने पत्र लिहून, तारीख सांगणं चूक होतं आणि पाप होतं, असं स्पष्ट म्हटलं. तेव्हा तो नव्वदीचा होता, पक्षाघातातून उठलेला. पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्यामुळे माणसांच्या आयुष्याची पुंजी गेली, ते पत्राने भरून निघत नाही. तरीही मी ते दोनदा वाचलं. आमचे पाळक 1997 मध्ये वारले. तेवढ्या चार ओळी त्यांनी आईला लिहिल्या असत्या तर तिची किती वर्षं वाचली असती.

माझा विश्वास गेलेला नाही. मी प्रार्थना करते. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, हे वाक्यही त्याच 24व्या अध्यायात आहे, अंजिराच्या झाडानंतर दोन-चार ओळींवर. आम्ही ते शेकडो वेळा मोठ्याने वाचलं होतं.

बाबा 2006 मध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात ते घाबरले होते. मरणाची त्यांनी कधी तयारीच केली नव्हती, ते त्यांच्या वाट्याला येणारच नव्हतं. मला म्हणाले, "माझं काय चुकलं?" मी म्हणाले, "काही नाही बाबा." ते म्हणाले, "मग?"

परवा आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी तिने बायबल मागितलं. ते त्यांच्या लग्नात मिळालेलं जाड बायबल आहे, सुरुवातीला कुटुंबाच्या नोंदींची तीन पानं छापलेली. जन्माच्या पानावर आम्ही तिघं आहोत, नातवंडं आहेत. विवाहाचं पान भरलंय. मृत्यूच्या पानावर बाबांच्या अक्षरात एवढंच आहे: प्रगटीकरण 21:4. 'ह्यापुढे मरण नाही', ते वचन. बाकी सगळं पान कोरं. आजी गेली, आजोबा गेले, स्वतः बाबा गेले, तरी त्या पानाला कुणी हात लावला नाही.

आईने ते पान उघडलं आणि बराच वेळ बघत बसली. इतकं स्पष्ट तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "त्यांचं नाव लिही." मी सवयीने टेबलावरची पेन्सिल उचलली.

"पेनाने," ती म्हणाली.

मी बाबांचं नाव लिहिलं. तिने वाकून बघितलं, वडिलांच्या नावातली वेलांटी दीर्घ कर म्हणाली. मी केली. मग तिने मला तारीख सांगितली, वारासकट.